प्रोप्रायटर रतन साईनाथ

साईनाथचं वर्षश्राद्ध झालं, त्याच आठवड्यात बापूरावांना रतनचा उपयोग सापडला.

तोवर वारज्याच्या त्या घरात ती नेमकी कोण होती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. धाकट्या भावाची बायको. पण धाकटा भाऊ टेम्पोसकट कात्रजच्या घाटात गेलेला. पदरात सहा वर्षांची तनुजा. मागच्या अंगाची पत्र्याची खोली मायलेकींना दिली होती आणि तिच्या बदल्यात घरादाराची धुणी, दोन वेळच्या भाकरी आणि तीन म्हशींचं शेण, असं न बोलता ठरून गेलं होतं. जमीन होती ती केव्हाच बिल्डरला गेली होती. साईनाथच्या हिश्शाचं काय झालं, असं रतननं एकदाच विचारलं. बापूरावांनी तिला उत्तर दिलं नाही; थोरला दीर म्हणून ते भावजयीशी थेट बोलतच नसत. ते आपल्या बायकोला, मुक्ताईला म्हणाले, "तिला सांग, टेम्पो कुणाच्या पैशानं घेतला हुता, ते आदी वर जाऊन नवऱ्याला इचारून ये."

मुक्ताईनं निरोप दिला नाही. रतन दारामागेच उभी होती, द्यायची गरजही नव्हती. त्या रात्री मुक्ताईनं तनुजाच्या पेल्यात नेहमीपेक्षा जास्त दूध ओतलं, इतकंच.

बापूरावांच्या डोक्यात तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. दोन हजार एकचं साल. पुण्यात कॉम्प्युटर जुळवणारे, औषधं भरणारे, मोटारीचे सुटे भाग करणारे गल्लोगल्ली उभे राहत होते आणि त्यातल्या प्रत्येकाला माल बाहेर पाठवायला खोकं लागत होतं. सरकार लहान उद्योगांना कर्ज देतं, वर अनुदानही देतं, हे ऐकून बापूराव शिवाजीनगरच्या कचेरीत गेले. खिडकीमागच्या कारकुनानं त्यांचा अर्ज दोनदा वाचला.

"आपल्या नावावर दोन इमारतींत मिळून सहा गाळे आहेत," तो म्हणाला. "ही योजना गरजूंसाठी आहे. आपण एखादी योजना काढा, आम्ही अर्ज करतो."

अर्ज परत आला. पण कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर बसणाऱ्या एका एजंटानं बापूरावांना बाजूला घेतलं. महिलेच्या नावानं करा, तो म्हणाला, अनुदान जास्त. विधवा असेल तर बघायलाच नको.

रात्री जेवताना बापूराव एकटेच हसले. "घरातच हाय की! विधवा, धावी पास, उत्पन्न शून्य. असली बाई पेपरात जाहिरात देऊन मिळायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रतनला ओसरीवर बोलावलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा ते तिच्याशी थेट बोलले. "हितं. आन हितं. हितं पूर्ण नाव." तिनं चाळीसेक ठिकाणी सह्या केल्या. काही कागद कोरे होते. कारखान्याचं नाव ठरलं 'साईनाथ पॅकेजिंग'. मेलेल्या भावाचं नाव दिलं की कमिटीतल्या बायका विरघळतात, असं एजंटानं सांगितलं होतं. मालकिणीनं भरायच्या हिश्शाची रक्कम बापूरावांनी मुक्ताईच्या पाटल्या मोडून भरली. त्यांचे स्वतःचे पैसे कुठल्याशा प्लॉटमध्ये अडकले होते.

मुलाखतीसाठी त्यांनी रतनकडून सोळा उत्तरं पाठ करून घेतली. कमिटीत पाच जण होते. पंधरा प्रश्न पाठातले आले. मग कोपऱ्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "पावसाळ्यात पुठ्ठा दमट होतो. काय कराल?"

हे पाठात नव्हतं. रतननं क्षणभर पदराचं टोक मुठीत धरलं. "जमिनीवर ठेवणार नाही," ती म्हणाली. "आम्ही गोवऱ्या रचतो तेव्हा खाली फळ्या टाकतो आणि भिंतीपासून हातभर लांब रचतो. ओल भिंतीतून जास्त येते. जमिनीतून कमी."

बाई हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. कर्ज मंजूर झालं. बाहेर आल्यावर बापूराव म्हणाले, "गोवऱ्यांचं कशापायी बोललीस? घराण्याची लाज काढलीस."

कर्ज हातात पडण्याआधी बारा दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. हजेरीपटावर फोटो लागे, म्हणून दुसरं कुणी पाठवता येईना. रतन रोज सकाळी भाकऱ्या थापून, शेण काढून, माळवाडीच्या थांब्यावरून बस धरायची. शिकवणारे गृहस्थ निवृत्त बँकवाले होते, कोरडे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर 'प्रोप्रायटर' असा शब्द लिहिला. "म्हणजे कोण? नफा झाला तर याचा. नोटीस आली तरी याचीच. यंत्र याचं, माल याचा, खातं याचं. बाकी सगळे याचे नोकर, नाहीतर नातेवाईक."

वर्ग हसला. रतन हसली नाही. तिनं तनुजाच्या जुन्या वहीत ते वाक्य उतरवून घेतलं आणि बसमध्ये बसून दोनदा वाचलं.

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, रतनच्याच नावानं भाड्यानं घेतलेल्या जागेत पत्र्याची शेड उभी राहिली. कागदाला नागमोडी घडी घालणारं यंत्र आलं, खळ शिजवायचा हंडा आला, खोक्यांना तारेचे टाके मारणारी दोन स्टिचिंग मशीनं आली. यंत्रांवर महिपती नावाचा कारागीर ठेवला. हा यवतमाळकडचा, पुण्यात आठ वर्षं खोक्यांच्याच कामात काढलेला. बोलायला कमी, हाताला नेमका. बापूराव टेबलामागे बसत. रतनला त्यांनी खळ लावायला बसवलं. फुकटची बाई मिळत असताना पगारी कशाला ठेवायची?

अनुदानाला एक अट होती. ते पैसे तीन वर्षं बँकेत अडकून राहणार. तेवढ्या काळात कारखाना चालू राहिला पाहिजे आणि मालकीण तीच राहिली पाहिजे. त्यामुळे अधूनमधून तपासणीला साहेब येत. त्या दिवशी बापूराव उठून बाहेर बाकड्यावर बसत. रतनला मुक्ताईची चांगली साडी नेसवून खुर्चीत बसवत. टेबलावर तिच्या नावाची पितळी पाटी ठेवत. साहेब गेले की पाटी खणात आणि रतन खळीवर. साडी त्याच दिवशी धुऊन परत द्यायची.

एकदा साहेब येऊन गेले आणि तासाभरातच स्टिचिंग मशीनची तार तिच्या डाव्या अंगठ्यातून आरपार गेली. महिपतीनं मशीन थांबवलं, पक्कडीनं तार काढली. खोक्यावर रक्ताचा डाग पडला. बापूराव धावत आले आणि त्यांनी आधी खोकं उचलून पाहिलं.

"साहेब, दवाखान्यात न्या लागते," महिपती म्हणाला.

"डावाच हाय ना?" बापूराव म्हणाले. "सही उजव्यानं करते ती."

दवाखान्यात तिला मुक्ताई घेऊन गेली. अंगठा वाचला, पण नखाच्या जागी पुढे कायम एक वाकडं, काळपट काहीतरी उगवत राहिलं.

रतन त्यानंतर कमी बोलू लागली आणि जास्त पाहू लागली. कुठला कागद बोटांत कसा कुरकुरतो, कुठल्या रिळात वजन मारलेलं आहे, हे तिला हात लावताच कळायचं. एका तावात दोन खोकी बसत तिथं आडवी-उभी मांडणी बदलून ती तीन बसवायची. कॉम्प्युटर जुळवणाऱ्या एका कंपनीचा खरेदी अधिकारी एकदा तक्रार घेऊन आला. मॉनिटरचं खोकं खालून फाटत होतं. बापूराव त्याला चहा पाजत राहिले. रतन खळीच्या हातानं उठली, खोकं उलटं केलं आणि म्हणाली, "घडी आडवी पडलीये. उभी पाहिजे. उद्या दहा नग करून देते, वर उभं राहून बघा." दुसऱ्या दिवशी तो खरंच एका खोक्यावर उभा राहिला. त्यानंतर त्याचे फोन आले की तो 'मॅडमना द्या' म्हणायचा. बापूराव फोन द्यायचे आणि रात्री जेवताना मुक्ताईला सांगायचे, "आता तुमच्या म्याडम भाकरी थापणार का आमी हाटेलात जायाचं?"

दोन हजार चारच्या जूनमध्ये त्यांनी तनुजाला कर्वेनगरच्या शाळेतून काढून महापालिकेच्या शाळेत घातलं. त्यांचा मुलगा दत्तप्रसाद देणगी भरून इंजिनिअरिंगला गेला होता, खर्च वाढला होता. तनुजा गणवेशासकट घराच्या पायरीवर दिवसभर बसून राहिली. रतननं तिला उठवलं नाही आणि समजावलंही नाही. ती फक्त म्हणाली, "अजून अकरा महिने."

तनुजाला वाटलं, अकरा महिन्यांनी जुनी शाळा मिळेल.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात तीन वर्षं भरली आणि अनुदान खात्यात जमा झालं. बापूरावांनी कागद तयारच ठेवले होते: 'साईनाथ पॅकेजिंग' यंत्रांसकट दत्तप्रसादच्या नावे. सकाळी ओसरीवर त्यांनी पेन पुढे केलं.

"वाचून करते," रतन म्हणाली.

"काय?"

"वाचून करते, भाऊजी. मोठा कागद आहे."

ती कागद घेऊन खोलीत गेली, साडी बदलली आणि थेट बँकेत गेली. तिच्या सह्या घेऊन ठेवलेली कोरी चेकबुकं बापूरावांच्या कपाटात होती. मॅनेजरांना ती म्हणाली, "माझी चेकबुकं हरवलीत. ती बंद करा, नवं द्या."

"हरवलीत की कुणी ठेवून घेतलीत?"

"हरवलीत."

"कुठं हरवलीत ते माहीत आहे?"

"माहीत आहे."

मॅनेजरांनी मान वर न करता अर्ज पुढे सरकवला. "इथं सही."

दुपारपर्यंत महिपतीनं शेडची कुलपं बदलली होती. बापूराव आले तेव्हा फाटक बंद होतं आणि रतन आत टेबलामागे बसली होती. पितळी पाटी टेबलावर होती.

"उघड," बापूराव म्हणाले.

"आपलं काय काम होतं?" तिनं विचारलं. तिला स्वतःलाच तो आवाज ओळखू आला नाही. कर्जाच्या कागदांसाठी ती शिवाजीनगरला जाई तेव्हा खिडकीमागचा माणूस असं बोलायचा.

बापूराव वकिलाकडे गेले. वकिलानं सगळं ऐकून घेतलं. "कारखाना तुमचा आहे हे सिद्ध करायचं, म्हणजे सरकारला तुम्ही फसवलंत हे आधी शपथेवर सांगावं लागेल," तो म्हणाला. "सिद्ध झालं तर दोघंही आत. सिद्ध नाही झालं, तर माझी फी."

मग भावकी बसली. रतनचं सामान अंगणात फेकलं गेलं. ती तनुजाला घेऊन कर्वेनगरला भाड्याच्या खोलीत गेली. बोलणं तिथवर पोचलं. बाई त्या यवतमाळच्या कामगारासंगं ऱ्हाते, सासरचा कारखाना तिनं यारासाठी लुबाडला, असं वारज्यात घरोघर झालं. बापूरावांनी दोन गिऱ्हाइकांकडे जाऊनही तेच सांगितलं. एकानं ऑर्डर थांबवली. कॉम्प्युटरवाला अधिकारी फोनवर अवघडून म्हणाला, "मॅडम, आमचा तसा काही प्रश्न नाही, पण वरिष्ठांच्या कानावर गेलंय."

रतननं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं महिपतीला टेबलापाशी बोलावलं आणि महिन्याचा पगार पाकिटात घालून पुढे ठेवला.

त्यानं पाकिटाला हात लावला नाही. "मी काय केलं, बाई?"

"काही नाही केलंस."

"लोकं काहीबी बोलतेत. खरं काय थे तुमाले तं माहीत हाय ना?"

"मला माहीत असून काय उपयोग?" रतन म्हणाली. "ऑर्डर त्यांच्या हातात आहे."

"मंग मी गेलो म्हन्जे थे खरंच होतं, असं नाही म्हननार लोकं?"

हे तिच्याही मनात आलं होतं. तिचा हिशेब झालेला होता: असेल कदाचित तसं, पण गेलेल्या माणसाबद्दल लोक महिनाभर बोलतात, समोर दिसणाऱ्याबद्दल जन्मभर. हे तिनं त्याला सांगितलं नाही. "मशीनचं तेल-पाणी नव्या माणसाला दाखवून जा," ती म्हणाली.

महिपतीनं ते दाखवलं. नीट, अर्धा तास लावून. मग पिशवी उचलून गेला. पाकीट टेबलावरच राहिलं. रतननं ते संध्याकाळी खात्यात परत भरलं. महिन्यानं ऑर्डर सुरू झाली.

त्या दिवाळीआधी मुक्ताई शेडवर आली. तिच्या डाव्या डोळ्याखाली हिरवंनिळं झालं होतं. कारखाना गेल्यापासून बापूरावांना मारायला घरात ती एकटीच उरली होती.

"रतन, मला कारखान्यातलं काय नगं," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "माज्या मोडल्याल्या पाटल्या तेवढ्या करून दे. आईच्या हुत्या. तुजी पोर मी दुधावर वाढवली, ते काय मी बोलून दाखवत न्हाई."

तनुजा कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिनं वही मिटली.

रतननं मुक्ताईकडे पाहिलं. द्याव्यात, असं तिला वाटलं; अगदी स्पष्ट वाटलं. पण पाटल्या दिल्या की त्या घेतल्या होत्या हे कबूल होतं, आणि कारखान्यात त्या घराचा पैसा होता हे त्यातून कबूल होतं. वकिलाला तेवढं पुरलं असतं. आणि त्याखाली आणखीही काहीतरी होतं, ज्याला वकिलाशी काही देणंघेणं नव्हतं: ती साडी, दर वेळी त्याच दिवशी धुऊन परत मागून घेतलेली.

"आक्का, कसल्या पाटल्या?" ती म्हणाली.

"बरं," मुक्ताई म्हणाली आणि डोक्यावरचा पदर ओढून चालू लागली. फाटकापाशी तिची चप्पल तुटली. ती दोन्ही चपला हातात घेऊन गेली.

रतनचा कारखाना वाढला. पुन्हा कर्ज मिळालं, या वेळी तिच्या स्वतःच्या कागदांवर. शिवण्याला मोठी जागा झाली, पन्नास माणसं झाली. तनुजाला तिनं पुण्यातल्या चांगल्यातल्या चांगल्या शाळेत घातलं. बापूरावांचं उलट झालं. दुसरा धंदा बुडाला, गाळे दत्तप्रसादनं नावावर करून घेतले आणि विकून बावधनला फ्लॅट घेतला. बापूराव अर्धांगानं आडवे झाल्यावर त्यानं आई-बापाला वारज्यातच ठेवलं. तिकडं त्यांना करमायचं नाही, म्हणाला.

औषधांना पैसे पुरेनात तेव्हा मुक्ताई पुन्हा आली. या वेळी तिनं काही परत मागितलं नाही. "काम दे," म्हणाली. साठी ओलांडली होती.

कामं बसून करायचीही होती: मोजदाद, लेबलं चिकटवणं. रतननं तिला खळीवर बसवलं. "तिथं माणूस कमी आहे," असं तिनं सुपरवायझरला सांगितलं, आणि ते खरं होतं. गरम खळीनं बोटांची साल जाते, हेही खरं होतं. आपण हिला उपाशी मरू दिलं नाही, असं रतन स्वतःला सांगे. पगार नियमानं देई, दिवाळीला मिठाईचं खोकं देई. तिच्याशी मात्र बोलत नसे. काही सांगायचं झालं तर सुपरवायझरला म्हणे, "त्या बाईंना सांगा."

मुक्ताई चार वर्षं खळीवर बसली. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि रतनला त्याचाच राग येई.

तनुजा इंजिनिअर झाली. बेंगळुरूच्या कंपनीचं पत्र आलं. पुण्यातही कंपन्या होत्या, हिंजवडी तासाभरावर होती. पण तिनं पुण्याचा एकही फॉर्म भरला नव्हता, हे रतनला तेव्हाच कळलं.

निघायच्या दिवशी ती शिवण्याला आली. रतननं पेढे मागवले होते, ऑफिसात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. तनुजा ऑफिसाच्या दारावरून पुढे गेली. जीन्स आणि पाठीला बॅग, तशीच ती यंत्रांच्या रांगेतून शेवटच्या टेबलापर्यंत गेली. मुक्ताईचे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीनं माखले होते. तनुजा तिच्यापुढे वाकली आणि पायांवर डोकं ठेवलं.

"अगं, हात खराब हाईत माजं," मुक्ताई गोंधळून म्हणाली. आशीर्वादाला उचललेले हात तिनं तसेच हवेत धरले.

"असू दे, मोठी आई. ठेव."

मुक्ताईनं ठेवले. केसांना खळ लागली. कुणीतरी यंत्र बंद केलं, मग दुसरंही थांबलं. पन्नास माणसं बघत होती.

तनुजा उठली, रांगेतून परत आली. ऑफिसाच्या दारात रतन उभी होती. पदर सारखा करून ती थोडी पुढे सरकली, वाकणाऱ्याला जागा मिळावी तशी.

"निघते, आई," तनुजा म्हणाली. तिनं हात पुढे केला नाही, वाकली नाही. "पोचल्यावर मेसेज करते."

रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. ती वळेपर्यंत रतन पाहत राहिली. आत कुणी हलत नव्हतं. पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच होता.

"यंत्र कुणी बंद केलं?" ती वळून म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज पडत नसे. "शुक्रवारी माल जायचा आहे."

यंत्रं सुरू झाली. मुक्ताईनं हात पुन्हा खळीत घातले.